देखणी मशीद पाहायला जाताना



पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते. त्या दिवशी सकाळच्या गाडीने मुंबईला जाऊन संध्याकाळी परतणारी कुटुंबे आपल्या परिचयाची आहेत. कोणी नातलगांकडे जातो, कोणी समुद्र पाहायला. अलीकडे मात्र मोबाइलवर छायाचित्रे पाहून एखादी देखणी, ऐतिहासिक मशीद मुलांना दाखवून आणावी, असा विचार अनेक घरांत होऊ लागला आहे. विचार चांगला आहे. आपल्या वसाहतींतील मशिदी वसाहतींइतक्याच नव्या. आधी पत्र्याची शेड, मग स्लॅब, मग जमेल तेव्हा वरचा मजला. तेथे वाढणाऱ्या मुलाला दीडशे वर्षांपूर्वीची मशीद पाहायला मिळाली, तर त्याच्या जाणिवेत काही भरच पडेल.

परंतु या सहलीतून तीन प्रश्न उभे राहतात. अशा प्रवासाचे धर्मातील स्थान काय? तेथे गेल्यावर काय पाहावे? आणि परत आल्यावर आपल्या मशिदीच्या कमिटीत कोणी तरी छायाचित्रे पुढे ठेवून म्हणतो, ‘आपणही अशाच फरशा लावू’, तेव्हा त्याला काय उत्तर द्यावे? तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे, कारण त्यात इतरांचा पैसा गुंतलेला असतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर लहान आहे. अल्लाहच्या प्रेषितांनी (स.) विशेष पुण्याच्या हेतूने प्रवासाची तयारी करण्यासाठी तीनच मशिदींची नावे घेतली: मक्केची मस्जिद-ए-हराम, मदीनेची मस्जिद-ए-नबवी आणि जेरुसलेमची मस्जिद-ए-अक्सा. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. विद्वानांनी तिचा अर्थ असा विशद केला आहे की, या तिघींखेरीज अन्य कोणत्याही मशिदीत नमाजचा मोबदला जास्त मिळेल असे मानून दूरचा प्रवास करू नये. ज्ञान, व्यापार, नातेसंबंध किंवा इतिहासाचा बोध यांसाठी केलेला प्रवास या मनाईत येत नाही. भूमीवर संचार करा आणि आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहा, असे पवित्र कुरआनाने वारंवार सुचविले आहे. म्हणून गाडीत बसल्यावरच मुलांना सांगून ठेवावे: आपण बघायला आणि शिकायला चाललो आहोत. तेथील दोन रकअतींचे मोल चिंचवडच्या किंवा चाकणच्या मोहल्ल्यातील मशिदीतल्या दोन रकअतींपेक्षा तसूभरही अधिक नाही.

आता कोणती मशीद? मशीद-स्थापत्य आणि रंगीत फरशांची सजावट या दोन्ही गोष्टी आजही जेथे रोज नमाज होते अशा वास्तूत पाहायच्या असतील, तर आपल्याला जवळची म्हणजे मुंबईची मुघल मशीद. तिला इराणी मशीद असेही म्हणतात. भेंडीबाजाराजवळ, इमामवाडा रस्त्यावर ती उभी आहे. १८६० मध्ये हाजी मुहम्मद हुसेन शिराझी या इराणी व्यापाऱ्याने ती बांधवली. नावात ‘मुघल’ असले तरी दिल्लीच्या बादशहांशी तिचा संबंध नाही. त्या काळच्या मुंबईत इराणातून आलेल्या लोकांना सर्रास ‘मुघल’ म्हणत.

उपनगरी गाडीने गेलात, तर जवळच ‘मस्जिद’ नावाचे स्थानक लागते. मुलांना वाटेल, हे याच मशिदीवरून पडलेले नाव. तसे नाही. येथील बेने इस्राएल समाजाचे १७९६ मध्ये स्थापन झालेले प्रार्थनागृह लोकांच्या तोंडी ‘जुनी मशीद’ होते आणि स्थानकाचे नाव त्यावरून आले, असे मानले जाते. बेने इस्राएल म्हणजे घरात मराठी बोलणारे यहुदी. त्या प्रार्थनागृहाच्या हिब्रू नावाचा अर्थ ‘दयेचे द्वार’ असा आहे. मशिदीत उजवे पाऊल टाकताना आपण जी दुआ करतो, तीत अल्लाहकडे त्याच्या दयेचीच दारे उघडण्याची याचना असते. हे थोडे विषयांतर झाले. पण मुलांना हे आवर्जून सांगावे.

मशिदीच्या दर्शनी भागापाशी पोहोचलात की प्रथम नजर जाते ती निळ्या रंगाकडे. इराणातून आणलेल्या फरशांनी दर्शनी भिंत मढविलेली आहे. गडद निळा, फिरोजी, पांढरा, मधूनच पिवळा. वेली, फुले आणि त्यांच्यामधून वाहत जाणारी सुलेखनातील अक्षरे. दोन्ही बाजूंना दोन मिनार आहेत. घुमट मात्र नाही. ‘घुमट कुठे आहे?’ असे एखादे मूल हमखास विचारील, आणि शिकवायला याहून चांगली संधी मिळणार नाही. घुमट ही मशिदीची अट नव्हे, मिनारही नव्हे. प्रेषितांच्या (स.) मशिदीला दोन्ही नव्हते. अबू दाऊदमधील वर्णनानुसार शेजारी राहणाऱ्या एका स्त्रीचे घर आसपासच्या घरांत सर्वांत उंच होते आणि ह. बिलाल (रजि.) फज्रची अजान त्या घरावरून देत. एका शेजारणीचे छप्पर हाच त्या मशिदीचा मिनार होता.

आत मोकळे अंगण आणि पाण्याचा हौज आहे. भेंडीबाजाराच्या गर्दीतून आत आल्यावर हा बदल अंगाला जाणवतो. येथे घाई करू नये. इराणी बांधणीत पाणी, सावली आणि निळा रंग यांची सांगड असते. कोरड्या मुलखातून आलेल्या माणसाला ही तिन्ही मिळून बागेचा भास देतात, आणि कुरआनात जन्नतचे वर्णन वारंवार बागांचे आणि खालून वाहणाऱ्या पाण्याचे आहे. मात्र हौज वुजूसाठी आहे. मुलांनी त्यात हात बुडवून खेळू नये.

फरशांविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण आपल्या भागातील तरुणांना हे काम इतरांपेक्षा लवकर समजेल. भाजलेली चौकोनी फरशी घ्यायची, तिच्यावर काचेसारखा वितळणारा लेप द्यायचा आणि तो भट्टीत पुन्हा भाजायचा, हे मूळ सूत्र. लेपात कोबाल्ट असेल तर गडद निळा रंग येतो, तांबे असेल तर फिरोजी. प्रश्न असा की वितळताना रंग एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत, मग करायचे काय? इराणी कारागिरांनी यावर दोन तोडगे काढले. पहिल्यात एकेका रंगाची फरशी वेगळी भाजून तिचे बारीक तुकडे छिन्नीने कापायचे आणि ते नकाशाप्रमाणे एकमेकांशेजारी बसवायचे. हे काम अतिशय संथ. दुसऱ्यात एकाच फरशीवर सर्व रंग भरायचे, परंतु दोन रंगांच्या मधोमध तेलकट, काळपट रेघ ओढायची. रेघ रंगांना अडवून धरते आणि भट्टीत तेल जळून जाते; मागे उरते ती बारीक काळी कड. या दुसऱ्या रीतीला ‘हफ्त रंग’, म्हणजे सात रंगांची, म्हणतात. वाहनांच्या सुट्या भागांवर पावडर कोटिंग करून ते भट्टीत भाजणाऱ्या चाकणच्या कामगाराला हे पाहून नवल वाटणार नाही. उलट, तापमान थोडे चुकले तर काय होते, हे तोच आपल्या मुलाला नेमके सांगू शकेल. अशा फरशीकामाला फारसीत ‘काशीकारी’ म्हणतात. या शब्दातील ‘काशी’ आले आहे इराणातील काशान या शहरावरून.

ही मशीद शिया इस्ना अशरी जमातीची आहे. आपल्यापैकी जे सुन्नी आहेत त्यांनी हे आधीच लक्षात ठेवावे. आपण तेथे पाहुणे आहोत. फाटकावरील व्यक्तीला सलाम करून, आत येण्याची आणि छायाचित्रे काढण्याची परवानगी विचारूनच पुढे जावे. स्त्रियांसाठी कोणती जागा आहे, तेही विचारून घ्यावे. जमातीची वेळ टाळावी. मुहर्रमच्या दिवसांत तो सारा परिसर शोकात असतो. तेव्हा नक्षी पाहायला जाणे शोभणारे नाही. मुले नमाजच्या रीतीतील फरक टिपतील आणि मोठ्याने विचारतील. तेथे त्यांना गप्प करून वेळ मारून नेऊ नये. ‘घरी गेल्यावर सांगतो’ म्हणावे आणि घरी गेल्यावर खरेच सांगावे.

त्यांतील एक फरक मला फार अर्थपूर्ण वाटतो. शिया बांधव सजदा करताना कपाळाखाली मातीची लहानशी वडी ठेवतात, कारण त्यांच्या फिक्हप्रमाणे सजदा भूमीवर किंवा भूमीतून उगवलेल्या, खाण्या-नेसण्यात न येणाऱ्या वस्तूवर व्हावा लागतो. आपला मसलक कोणताही असो, पण हे दृश्य डोळ्यांत साठवून ठेवावे: भोवती उत्तमोत्तम फरशा, पायाखाली गालिचा, आणि कपाळ मात्र मातीवर. बुखारीत ह. अबू सईद खुदरी (रजि.) यांचे एक कथन आहे. रमजानच्या एका रात्री पाऊस झाला. मदीनेच्या मशिदीचे छप्पर खजुराच्या फांद्यांचे, ते गळले. एकविसाव्या तारखेच्या सकाळी नमाजनंतर लोकांनी पाहिले, तेव्हा प्रेषितांच्या (स.) कपाळावर पाणी आणि चिखलाची खूण होती. ती रात्र कोणती होती, हे सांगणाऱ्याला त्या चिखलावरूनच कळले.

येथून आपण दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. छप्पर गळणाऱ्या त्या मशिदीचे वारस म्हणवणाऱ्यांनी भिंतींवर रंगीत फरशा लावाव्यात का?

या बाबतीत कठोर वाटणारी वचने पुष्कळ आहेत आणि ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. अबू दाऊदमध्ये अशी हदीस आहे की लोक मशिदींच्या बाबतीत एकमेकांपुढे बढाई मारू लागतील, ही कयामतच्या जवळ येण्याची एक खूण आहे. प्रेषितांना (स.) कोणी नक्षीदार चादर भेट दिली होती. तिच्या नक्षीकडे नमाजमध्ये क्षणभर लक्ष गेले म्हणून त्यांनी ती परत पाठवून साधी चादर मागविली, असे ह. आयेशा (रजि.) सांगतात. ह. उमर (रजि.) यांनी मशीद बांधणाऱ्याला बजावले होते की लोकांचा पावसापासून बचाव होईल असे बांध, पण तांबडे-पिवळे रंग लावून लोकांना मोहात टाकू नकोस. ही दोन्ही कथने बुखारीत आहेत.

परंतु त्याच बुखारीत ह. इब्न उमर (रजि.) यांनी त्या मशिदीचा पुढचा इतिहासही सांगितला आहे. प्रेषितांच्या (स.) काळी भिंती कच्च्या विटांच्या, छप्पर खजुराच्या फांद्यांचे, खांब खजुराच्या बुंध्यांचे. ह. अबूबक्र (रजि.) यांनी काही भर घातली नाही. ह. उमर (रजि.) यांनी जागा वाढविली, पण रीत तीच ठेवली. ह. उस्मान (रजि.) यांनी मात्र पुष्कळ बदल केला. भिंती आणि खांब कोरीव दगडांचे झाले, चुन्याचा वापर झाला आणि छप्पर ‘साज’ लाकडाचे बसले. हे ‘साज’ म्हणजे आपला साग. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून अरबस्तानात जाणारे हे लाकूड आपले नावही बरोबर घेऊन गेले. अरबी ‘साज’ आणि मराठी ‘साग’ या दोन्ही शब्दांचे मूळ एकच. आपल्या जंगलांचे नाव मदीनेच्या मशिदीच्या इतिहासात असे नोंदले गेले आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असते?

म्हणजे प्रश्न देखणेपणा असावा की नसावा, असा नाही. तो पैसा कोणाचा आणि नक्षी कोठे, असा आहे. या दोन्ही बाजू हनफी फिक्हने ध्यानात घेतल्या आहेत. बाराव्या शतकातील इमाम मर्गीनानी यांच्या ‘हिदाया’ या ग्रंथात मशिदीला चुना, साग आणि सोन्याचे पाणी यांनी सजविण्यास हरकत नाही, असे म्हटले आहे. पण ‘हरकत नाही’ याचा अर्थ पुण्य आहे असा होत नाही, हेही तेथे सूचित केले आहे. आणि लगेच पुढची अट अशी की ही मुभा स्वतःच्या पैशातून सजविणाऱ्याला आहे. मुतवल्लीने वक्फच्या पैशातून इमारत मजबूत करावी. त्याच पैशातून नक्षी केली, तर ती रक्कम त्याला स्वतःच्या खिशातून भरून द्यावी लागेल. नंतरच्या फकीहांनी मिहराबीच्या आणि किब्ल्याच्या भिंतीवरील बारीक नक्षी नापसंत ठरविली, कारण नमाजीची नजर तेथे अडकते. मुंबईच्या मशिदीत हाच विचार मनात ठेवून फिरावे. कोणती नक्षी रस्त्याकडे तोंड करून आहे? आत शिरताना काय दिसते? सफेत उभे राहिल्यावर डोळ्यांसमोर काय येते? मुलांना ही तीन ठिकाणे वेगवेगळी दाखवावीत.

पैशाचा प्रश्न समजायला बीदरचे उदाहरण घेऊ. बीदर आज कर्नाटकात असले तरी मराठीभाषक सीमाभागाला ते परके नाही, आणि बहामनी काळात आपले चाकणही त्याच राज्याचे लष्करी ठाणे होते. तेथे ख्वाजा महमूद गवान या वजिराने १४७२ मध्ये मदरसा बांधला. तीन मजली इमारत, तिच्यात ग्रंथालय, मशीद, अभ्यासिका, आणि दर्शनी भागावर व मिनारावर रंगीत फरशांचे काम. १६९६ मध्ये, औरंगजेबाच्या काळात, आत साठविलेल्या दारूगोळ्याचा स्फोट होऊन इमारतीचा मोठा भाग कोसळला. तरीही उरलेल्या भिंतींवर आणि एकमेव उभ्या मिनारावर निळ्या-पिवळ्या फरशा अजून दिसतात. हा गवान स्वतः कसा राहत असे? इतिहासकार फरिश्ताने लिहिले आहे की तो चटईवर झोपे, मातीच्या भांड्यांत शिजवलेले खाई आणि आपल्या व्यापाराच्या कमाईतून गुजराण करी. १४८१ मध्ये बनावट पत्राच्या आधारे सुलतानाने त्याला ठार करविले. फरशा मदरशाला आणि चटई स्वतःला, अशी ही विभागणी होती. आपल्याकडे ती बहुधा उलटी आढळते.

आता दुसरे टोक पाहा. चाकणहून शिक्रापूरमार्गे अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, सकाळी निघून संध्याकाळी परतण्यासारखे आहे. तेथे भुईकोट किल्ल्याजवळ दमडी मशीद आहे. १५६७ मधली, निजामशाहीतील सरदार साहिर खान याने बांधलेली. रंगीत फरशी तेथे शोधू नका. तिचे वैभव दगडातील कोरीव कामाचे आहे, आणि आकाराने ती अगदी लहान आहे. नावाची कथा अशी सांगतात की किल्ल्याच्या बांधकामावरील मजुरांनी आपल्या मजुरीतून एकेक दमडी दिली आणि त्यातून ही मशीद उभी राहिली. कथा शब्दशः घ्यावी की नाही, हा भाग वेगळा. साडेचारशे वर्षे लोकांनी सरदारापेक्षा मजुरांचे देणे अधिक लक्षात ठेवले, एवढे तर त्या नावातच आहे. इब्न माजामधील हदीस येथे आठवते: जो अल्लाहसाठी मशीद बांधतो, मग ती माळरानावरील एखाद्या पाखराच्या घरट्याएवढी का असेना, त्याच्यासाठी अल्लाह जन्नतमध्ये घर बांधतो.

आपल्या मशिदी याच दुसऱ्या प्रकारच्या आहेत. चंद्याच्या पेटीत पडणारी नोट कंत्राटी कामगाराची असते. पुढच्या महिन्यात काम राहील की नाही, याची त्याला खात्री नसते. दुसरी नोट पाळी संपवून इशाला धावत आलेल्या मशीनचालकाची असते. तिसरी अनेकदा अशा गृहिणीची असते, जिला त्या मशिदीत नमाजसाठी जागाच नाही. या पैशावर कमिटी बसते आणि सहलीहून आलेली छायाचित्रे हातोहात फिरतात. अशा वेळी सभासदाने शांतपणे काही गोष्टी विचाराव्यात. पावसाळ्यात कोठे गळते का? वुजूच्या नळांना उन्हाळ्यात पाणी पुरते का? स्त्रियांना पडद्यासह जागा आहे का? इमाम साहेबांचे मानधन वेळेवर आणि पोटापुरते आहे का? संडास-मुतारी स्वच्छ करणाऱ्याला मजुरी मिळते का? प्रेषितांच्या (स.) मशिदीत केर काढणारी एक स्त्री मरण पावली. ती दिसेना म्हणून त्यांनी चौकशी केली, आपल्याला का कळविले नाही असे विचारले आणि तिच्या कबरीवर जाऊन जनाजाची नमाज पढली. हे बुखारी व मुस्लिममध्ये आहे. मशिदीला शोभा आणणाऱ्यांची यादी कोठून सुरू होते, ते यावरून दिसते. कुरआनानेही सूरह आराफमध्ये मशिदीपाशी साज धारण करण्यास सांगितले आहे, आणि ती आज्ञा आदमच्या संततीला आहे. स्वच्छ कपडे, स्वच्छ शरीर, हा तो साज.

हे सर्व झाले आणि तरी एखाद्या सधन बंधूला स्वतःच्या हलाल कमाईतून दर्शनी भिंतीवर सुंदर फरशी लावावीशी वाटली, तर त्याला रोखण्याचे कारण मला दिसत नाही. रस्त्याने जाणाऱ्या माणसाचे मन दोन क्षण प्रसन्न झाले, तर ते वाईट नाही. कारखान्यांच्या पत्र्यांनी आणि धुळीने भरलेल्या आपल्या भागात तर नाहीच. फक्त फरशीवर त्या बंधूचे नाव नको, आणि नमाजीच्या समोरची भिंत साधी राहू द्यावी. ज्या फरशीवर कुरआनाच्या आयती असतील ती हाताच्या, पाण्याच्या आणि धुळीच्या वर, उंच बसवावी. वुजूखान्याच्या आसपास तर मुळीच नको. छापील फरशांवर अक्षरे अनेकदा चुकीची असतात, म्हणून ती लावण्यापूर्वी एखाद्या हाफिज साहेबांकडून तपासून घ्यावीत.

आणि हिशेबासाठी पावतीपुस्तके दोन ठेवावीत. एक बांधकाम व दैनंदिन खर्चाचे, दुसरे सजावटीचे. देणाऱ्याला आधी विचारावे की आपण कशासाठी देत आहात. त्याचे उत्तर पावतीवर लिहावे, आणि पहिल्या पुस्तकातील एक रुपयाही दुसऱ्यात वळवू नये. ज्या महिन्यात दुसऱ्या पुस्तकात काहीच जमणार नाही, त्या महिन्यात भिंत कोरीच राहू द्यावी.